धूमकेतूतला ‘धूम’ नेमका कशाचा?

प्रश्न असा आहे की धूम म्हणजे धूर आणि केतू म्हणजे ध्वज, मग धूमकेतूवर खरंच काही जळत असतं का? आणि नसेल तर शेंडेनक्षत्र हाच शब्द जास्त बरोबर नाही का?

व्युत्पत्ती अगदी बरोबर आहे, धूर हाच ज्याचा झेंडा तो धूमकेतू. संस्कृतात हा शब्द अग्नीलाही वापरलाय आणि तिथे तो फिट बसतो, कारण आग लांबून कळते ती धुरावरूनच. आकाशातल्या धूमकेतूवर मात्र जळत काहीच नाही. मधला जो गाभा असतो, बहुतेक वेळा काही किलोमीटरचा, तो म्हणजे पाण्याचा बर्फ, गोठलेला कार्बन डायऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड, थोडा अमोनिया, मिथेन, आणि त्यात मिसळलेली भरपूर धूळ नि कार्बनी पदार्थ. सूर्याजवळ आला की हा बर्फ वितळून पाणी होत नाही, उघड्यावरचा कापूर उडून जातो तसा सरळ वायू होतो आणि जाताना धूळ सोबत घेऊन जातो. तोच आपला ‘धूम’. त्यातले कण इतके बारीक असतात की धूर म्हणणाऱ्याची नजर मला तरी पक्की वाटते.

खगोलशास्त्रज्ञ फ्रेड व्हिपलने १९५० मध्ये मळक्या बर्फाच्या गोळ्याची कल्पना मांडली, पण १९८६ मध्ये जिओत्तो यान हॅलेच्या धूमकेतूजवळून गेलं तेव्हा गाभा पांढरा वगैरे नाही, चक्क काळाकुट्ट निघाला, अंगावर पडलेल्या उजेडापैकी जेमतेम ४ टक्के परत पाठवणारा. पुढे रोसेटा यानाला ६७पी धूमकेतूच्या वायूत ग्लायसीन सापडलं, म्हणजे प्रथिनं ज्यापासून बनतात त्यातलं एक अमिनो आम्ल. आणि मला सगळ्यात भारी वाटतं ते स्टारडस्ट यानाचं काम, त्याने विल्ट-२ (Wild 2) धूमकेतूची धूळ २००६ मध्ये पृथ्वीवर आणली आणि त्यात १००० अंशांच्याही वर तापल्याशिवाय तयार होत नाहीत अशी खनिजं मिळाली! म्हणजे बर्फाशेजारी भट्टीतून निघालेले कण, बहुधा सूर्यमाला बनताना सूर्याजवळून बाहेर फेकले गेलेले.

शेंडेनक्षत्र शब्द सुंदर आहे, जरूर वापरा, फक्त ते नक्षत्र नाही, ताराही नाही. आणि शेपूट म्हणतानाही एक लक्षात ठेवा, ती कायम सूर्याच्या उलट दिशेला असते, त्यामुळे धूमकेतू सूर्यापासून लांब जायला लागला की शेपूट पुढे आणि डोकं मागे.

‘धूमकेतू पडला’ असं बरेच जण लिहितात ते मात्र टाळा. क्षणात रेघ ओढून जाते ती उल्का, धूमकेतू रात्रीमागून रात्री दिसत राहतो. नातं आहे दोघांचं, ऑगस्टमधल्या ययाती उल्कावर्षावातले कण स्विफ्ट-टटल धूमकेतूनेच मागे सोडलेले आहेत.