सगळे रिपोर्ट नॉर्मल, तरी मिस्टरांना दुसऱ्यांदा न्यूमोनिया. आता काय तपासायचं?

ताई, तुम्ही लिहिलंय की मिस्टर ४२ वर्षांचे, दीड वर्षात दोनदा न्यूमोनिया, अधूनमधून सायनस, आणि आयजीजी, आयजीए, आयजीएम या अँटीबॉडी (जंतूंशी लढणारी रक्तातली प्रथिनं) नॉर्मल आल्यावर ‘प्रतिकारशक्ती चांगली आहे’ म्हणून विषय मिटला. तो मिटू देऊ नका. माझंही निदान याच वळणावर रखडलं होतं. पुण्यात खोकला म्हटला की धूळ आणि मेट्रोच्या खोदकामावर बिल फाडून सगळे मोकळे होतात.

त्या तपासणीत अँटीबॉडी एकूण किती, एवढंच कळतं. न्यूमोकोकस या जंतूभोवती साखरेच्या साखळ्यांचं कवच असतं. काहींच्या शरीरात नेमक्या त्या कवचाविरुद्धच्या अँटीबॉडी नीट बनत नाहीत, आणि एकूण आकडा मात्र व्यवस्थित दिसतो. याला ‘स्पेसिफिक अँटीबॉडी डेफिशियन्सी’ म्हणतात. मग हाच जंतू फुप्फुसात, रक्तात, क्वचित मेंदूच्या आवरणापर्यंतही पोचतो.

हे लस देऊन तपासतात. आधी रक्त, मग याच जंतूच्या २३ प्रकारांची न्यूमोकोकल पॉलिसॅकराइड लस (नुसत्या त्या साखरेच्या कवचाची), मग ४ ते ८ आठवड्यांनी परत रक्त. लस आधीच टोचून घेतलीत तर तुलनेला पहिला आकडाच राहत नाही, म्हणून घाई नको. मोठ्या माणसात साधारण ७० टक्के प्रकारांना पुरेसा प्रतिसाद अपेक्षित असतो. नेहमीच्या लॅबच्या यादीत ही तपासणी सहसा नसते; इम्युनॉलॉजी बघणाऱ्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशी कमी करणारं रिटुक्सिमॅबसारखं औषध, प्लीहा काढलेली असणं, रक्ताचे काही कॅन्सर यांमुळेही असं होतं, तेही त्यांना बघू द्या. छातीचा सीटी कराच, कारण वारंवार संसर्गाने श्वासनलिका कायमच्या रुंदावू शकतात.

उपचार आहेत. कॉन्जुगेट लशीत तीच साखर प्रथिनाला जोडलेली असते, त्यामुळे ती अनेकांना लागू पडते. काहींना अँटिबायोटिक दीर्घकाळ, कमी डोसमध्ये देतात. एवढं करूनही संसर्ग थांबले नाहीत तरच आयव्हीआयजी, म्हणजे शिरेतून दिलेल्या तयार अँटीबॉडी. मला ते दर चार आठवड्यांनी लागतं: सुरुवातीला सलाइन अगदी थेंबथेंब सोडतात, सिस्टर सारखं बीपी बघतात, सगळा दिवस जातो. महाग आहे, पण हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून आलेल्या त्या अँटीबॉडींमुळे मी आज कामावर जाते.

तपासणी होईपर्यंत हुडहुडी भरून ताप आला, धाप लागली, बोलणं असंबद्ध झालं, तर सकाळची वाट बघू नका. जुनी फाइल घेऊन सरळ कॅज्युअल्टीत जा आणि दोन न्यूमोनियांचं दारातच सांगा.