बारा हजारांत गेमिंगचा मॉनिटर: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या खेपेस आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे मॉनिटरविषयी होती, म्हणून सदराची सगळी जागा त्यांनाच दिली आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्याच इच्छेनुसार छापलेली नाहीत.

प्रश्न: मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशांतून आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड घातलेला संगणक जुळवला, पण मॉनिटर मात्र काकांच्या कार्यालयातून निघालेला जुना १९ इंची आहे. रोज व्हॅलोरंट हा नेमबाजीचा गेम खेळतो आणि सुट्टीत कथानकाचे मोठे गेमही खेळतो. जवळ १२,००० रुपये आहेत. लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानदाराने एवढ्याच किमतीत २७ इंची वक्र पडद्याचा मॉनिटर दाखवला आणि २४ इंची घेणे म्हणजे पैसे वाया घालवणे आहे, असे सांगितले. खोक्यावर १६५ हर्ट्झ, १ मिलिसेकंद, एचडीआर असे सगळे छापलेले आहे. घ्यावा का?
(एक विद्यार्थी, लालबाग)

उत्तर: घेऊ नये. त्याच पैशांत २४ इंची, सपाट, आयपीएस पॅनेलचा (पॅनेल म्हणजे चित्र उमटवणारा भाग, आयपीएस हा त्याचा एक प्रकार) आणि किमान १४४ हर्ट्झ रिफ्रेश रेटचा, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा, मॉनिटर पाहावा. दुकानदाराने दाखवलेल्या मॉनिटरमध्ये खोटे काही नसेल, पण खोक्यावर ठळक छापलेल्या गोष्टी आणि खेळताना जाणवणाऱ्या गोष्टी यांत बरेच अंतर असते, आणि कमी पैशांत खरेदी करणाऱ्याला ते अंतर परवडत नाही.

आधी आकाराचे पाहू. २७ इंची मॉनिटर इतक्या कमी किमतीत मिळतो, तेव्हा त्याचे रिझोल्यूशन बहुधा १९२० × १०८० एवढेच असते. म्हणजे पिक्सेल (चित्राचे ठिपके) तेवढेच, २० लाख ७३ हजार ६००; फक्त ते २४ इंची म्हणून विकल्या जाणाऱ्या २३.८ इंची पडद्यापेक्षा सुमारे २९ टक्के अधिक जागेवर पसरलेले. एका इंचात २३.८ इंचीवर साधारण ९३ पिक्सेल बसतात, २७ इंचीवर ८२. हातभर अंतरावर बसणाऱ्याला हा फरक अक्षरांच्या कडांवर लगेच दिसतो, आणि तुम्हाला याच पडद्यावर प्रकल्पाचे अहवालही लिहायचे आहेत. व्हॅलोरंटमध्ये लांबच्या कोपऱ्यातून डोकावणारा प्रतिस्पर्धी मोठा दिसेल हे खरे, पण त्याचे पिक्सेल वाढणार नाहीत. शिवाय २७ इंची पडद्याची रुंदी जवळजवळ साडेतेवीस इंच भरते आणि त्याचा स्टँड टेबलावर बरीच जागा अडवतो. लालबाग-परळच्या खोल्यांत ज्या टेबलावर अभ्यास, इस्त्री आणि पाहुण्यांचा चहा हे सगळे पार पडते, ते किती खोल आहे हे मोजल्याशिवाय मोठ्या पडद्याचा विचार करू नये. जागा फारच कमी असेल, तर मागे वेसा माउंटची चार छिद्रे असलेला मॉनिटर घेऊन तो भिंतीला लावता येतो.

आता पॅनेलविषयी. स्वस्त वक्र मॉनिटर बहुतेक वेळा व्हीए पॅनेलचे असतात. या पॅनेलचा काळा रंग खरोखर गडद दिसतो. त्याचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढऱ्या आणि काळ्याच्या उजेडाचे प्रमाण, ३०००:१ च्या आसपास असतो, तर आयपीएसचा साधारण १०००:१. अंधाऱ्या खोलीत चित्रपट पाहणाऱ्याने व्हीए घेतला तर तो चुकला असे म्हणता येणार नाही. पण स्वस्त व्हीए पॅनेलमध्ये गडद छटेतून दुसऱ्या गडद छटेत जायला पिक्सेल वेळ लावतात, आणि बोगद्यात किंवा रात्रीच्या दृश्यात कॅमेरा झटकन वळवला की वस्तूंच्या मागे काळपट फराटे ओढल्यासारखे दिसतात. नेमबाजीच्या गेममध्ये याचा फार त्रास होतो. टीएन पॅनेल वेगवान असले तरी जरा बाजूने पाहिले की त्याचे रंग उडतात, त्यामुळे आता ते घेण्याचे कारण उरलेले नाही. आयपीएसच्या काळ्या रंगात थोडी करडी छटा येते, कोपऱ्यांत किंचित उजेड दिसतो, आणि या किमतीत तेवढे चालवून घ्यावे लागते.

रिफ्रेश रेटच्या बाबतीत थोडे गणित उपयोगी पडेल. ६० हर्ट्झच्या पडद्यावर एक चित्र १६.७ मिलिसेकंद राहते, १४४ हर्ट्झवर ६.९, १८० हर्ट्झवर ५.६ आणि २४० हर्ट्झवर ४.२. म्हणजे ६० वरून १४४ वर जाताना जवळजवळ दहा मिलिसेकंद वाचतात, आणि १४४ वरून १८० वर जाताना दीडसुद्धा नाही. पहिली उडी कोणालाही जाणवते. माउस हलवताक्षणीच कळते. पुढच्या उडीसाठी मात्र दोन हजार रुपये अधिक मोजण्यात अर्थ नाही. त्याच किमतीत १८० मिळत असेल तर अवश्य घ्यावा. तुमचे कार्ड व्हॅलोरंट १४४ हर्ट्झला पुरेल इतक्या वेगाने सहज चालवील. कथानकाच्या जड गेममध्ये फ्रेम (कार्ड सेकंदाला काढते ती चित्रे) बऱ्याच खाली येतील, आणि तेथे फ्रीसिंक कामाला येते: कार्डाकडून फ्रेम ज्या वेगाने येतात त्या वेगाने पडदा स्वतःला जुळवून घेतो आणि चित्र मधोमध फाटल्यासारखे दिसत नाही. तुमचे कार्ड एएमडीचे असल्याने मॉनिटरवर फ्रीसिंक आहे एवढे पाहिले की पुरे.

राहिले ‘१ मिलिसेकंद’ आणि ‘एचडीआर’. पहिला आकडा दोन वेगळ्या पद्धतींनी काढला जातो. ‘जीटीजी’ म्हणजे पिक्सेल एका छटेतून दुसरीत जायला लागणारा वेळ, आणि तो बहुधा सर्वांत अनुकूल जोडीचाच छापलेला असतो. ‘एमपीआरटी’ असे लिहिले असेल, तर तो आकडा मागचा दिवा सतत उघडझाप करून मिळवलेला असतो, आणि ती सोय सुरू केली की पडदा मंद होतो. मॉनिटरच्या मेनूत पिक्सेलची छटा लवकर बदलायला लावणारी ‘ओव्हरड्राइव्ह’ नावाची सेटिंग असते. ती मधल्या पायरीवर ठेवावी, कारण शेवटच्या पायरीवर हलत्या वस्तूंच्या मागे उलट्या रंगाची फिकट सावली उमटते. एचडीआरचे, म्हणजे उजेड-अंधाराचा अधिक मोठा पल्ला दाखवण्याच्या सोयीचे, तर या किमतीत नावही काढू नये. ‘एचडीआर१०’ याचा अर्थ मॉनिटर तो सिग्नल स्वीकारतो एवढाच आहे. तो दाखवण्यासाठी लागणारा उजेड आणि पडद्याचे भाग वेगवेगळे मंद करण्याची सोय २५० किंवा ३०० निट्सच्या (निट हे पडद्याच्या उजेडाचे माप) मॉनिटरमध्ये नसते. विंडोजमधून एचडीआर बंद ठेवल्यासच रंग बरे दिसतील. त्या २५० आणि ३०० मध्ये निवड करायची वेळ आली, तर ३०० घ्यावा. दुपारी दार-खिडकी उघडी ठेवून बसणाऱ्यांना तो फरक उपयोगी पडतो.

ग्रँट रोड स्थानकावरून लॅमिंग्टन रोड चालत गाठता येतो, आणि ऑनलाइन किंमत दाखवली की तेथे घासाघीसही करता येते. मॉनिटर दुकानातच खोक्यातून काढून चालू करून घ्यावा आणि पूर्ण पांढरे, काळे, लाल, हिरवे व निळे चित्र दाखवून मेलेले पिक्सेल तपासावेत. एखाददुसरा मेलेला पिक्सेल बहुतेक कंपन्या वॉरंटीत धरत नाहीत, त्यामुळे ही तपासणी पैसे देण्याआधीचीच आहे. जीएसटीचे पक्के बिल घ्यावे. बिलाशिवाय पाचशे-हजार रुपये कमी करतो असे कोणी म्हटले, तर वॉरंटीच्या वेळी त्याची आठवण होईल. मागच्या लेबलावर बीआयएसचे (भारतीय मानक ब्यूरोचे) नोंदणीचिन्ह आहे का, हेही पाहून घ्यावे.

प्रश्न: मुलगा अकरावीत आहे. गेल्या वर्षी त्याला गेमिंगचा लॅपटॉप घेऊन दिला, आता तो १४४ हर्ट्झचा मॉनिटर मागत आहे. घरात ३२ इंची टीव्ही आहे, तो लॅपटॉपला जोडून चालणार नाही का? आणि अशा मॉनिटरने डोळ्यांना त्रास होतो का?
(एक वाचिका, मुलुंड)

उत्तर: पैसे काढण्याआधी लॅपटॉपचा स्वतःचा पडदा किती हर्ट्झचा आहे, ते चिरंजीवांकडून वदवून घ्या. गेल्या काही वर्षांत विकल्या गेलेल्या बऱ्याच गेमिंग लॅपटॉपचा पडदा १२० किंवा १४४ हर्ट्झचाच असतो. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘डिस्प्ले’ आणि त्याखाली ‘ॲडव्हान्स्ड डिस्प्ले’ उघडले की तो आकडा दिसतो. तो १४४ असेल, तर तुमच्या मुलाला वेग नव्हे, मोठा पडदा हवा आहे, आणि ती मागणी त्याने तशीच मांडायला हरकत नाही.

टीव्ही जोडता येतो, पण दोन अडचणी आहेत. ३२ इंची टीव्हींपैकी पुष्कळसे ‘एचडी रेडी’ असतात, म्हणजे त्यांचे रिझोल्यूशन १३६६ × ७६८. साडेदहा लाख पिक्सेल, फुल एचडीच्या (१९२० × १०८०) जेमतेम निम्मे. जवळ बसून पाहिले की अक्षरे फुटतात. दुसरे असे की टीव्ही येणाऱ्या चित्रावर बरेच संस्कार करतो आणि त्यात वेळ जातो. बटण दाबणे आणि पडद्यावर गोळी सुटणे यांत पडणारे हे अंतर टीव्हीचा ‘गेम मोड’ लावला की कमी होते. सोफ्यावर बसून गाड्यांच्या शर्यतीचा किंवा फुटबॉलचा गेम खेळायचा असेल, तर टीव्ही पुरेसा आहे. तो गेम मोडमध्ये ठेवून महिनाभर वापरून पाहा, मग ठरवा.

डोळ्यांचे म्हणाल, तर रिफ्रेश रेट अधिक असल्याने ते बिघडत नाहीत. शीण येतो तो एकटक पाहिल्याने, कारण पडद्याकडे पाहताना पापण्या कमी मिटतात आणि डोळे कोरडे पडतात. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांपलीकडे पाहावे, असा सल्ला नेत्रतज्ज्ञ देतात. मुंबईतल्या घरात वीस फूट मिळणे अवघड, तेव्हा खिडकीतून समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीकडे पाहावे. मॉनिटर घ्यायचेच ठरले, तर त्यावर ‘फ्लिकर-फ्री’ (न लुकलुकणारा) लिहिलेले आहे ना, ते पाहावे आणि उजेड खोलीतल्या उजेडाइतकाच ठेवावा.

प्रश्न: ओळखीतला एक जण २७ इंची, १४४० पिक्सेलचा, १४४ हर्ट्झ मॉनिटर ९,००० रुपयांना देत आहे. दोन वर्षे वापरलेला आहे. माझे कार्ड जीटीएक्स १६५० आहे. सौदा चांगला वाटतो. मॉनिटरवर फ्रीसिंक लिहिले आहे, ते माझ्या एनव्हिडिया कार्डावर चालेल का?
(एक वाचक, गोरेगाव)

उत्तर: फ्रीसिंक चालेल. जानेवारी २०१९ पासून एनव्हिडियाने अशा मॉनिटरना आपली कार्डे खुली केली आहेत. जोडणी मात्र डिस्प्लेपोर्टच्या केबलने करावी. मॉनिटर चांगला असेलही, पण तुमचे कार्ड त्याच्या तोडीचे नाही. २५६० × १४४० म्हणजे ३६ लाख ८६ हजार ४०० पिक्सेल, फुल एचडीच्या पावणेदोन पटींहून थोडे अधिक, आणि चार जीबी मेमरीचे १६५० नव्या गेममध्ये फुल एचडीलाच धापा टाकते. त्यावर उपाय म्हणून गेम १०८० वर चालवाल, तर आडव्या आणि उभ्या दोन्ही दिशांना एका पिक्सेलला पडद्याचे १.३३ पिक्सेल वाट्याला येतात. हा पूर्णांक नसल्याने चित्र मऊ, किंचित पुसट दिसते. खऱ्या १०८० च्या मॉनिटरवर तोच गेम अधिक रेखीव दिसेल. वर्षभरात कार्ड बदलण्याचा विचार पक्का असेल, तरच हा सौदा करावा. मॉनिटर सहज पाच-सात वर्षे टिकतो, तेवढ्यात कार्ड एकदा तरी बदलले जाते, त्यामुळे पुढचा विचार करून पडदा घेणे गैर नाही.

पाहायला जाल तेव्हा स्वतःचा लॅपटॉप आणि केबल घेऊन रात्री जा. दिवे बंद करून पूर्ण काळे चित्र लावले की कडांतून उजेड कुठे पाझरतो ते दिसेल. मग मध्यम करडे चित्र लावा: डाग, उभे पट्टे आणि बोट दाबल्याच्या खुणा यातच उघड्या पडतात, पांढऱ्यात नव्हे. पांढऱ्यावर कोपरे पिवळसर झाले आहेत का, ते कळेल. घर समुद्राजवळचे असेल, तर पोर्टच्या धातूवर गंज आहे का, ते टॉर्च मारून पाहा. पडदा अर्धा तास चालू ठेवा, कारण काही दोष गरम झाल्यावरच दिसतात. मागच्या लेबलावर उत्पादनाचा महिना आणि वर्ष असते. मूळ बिलावरून वॉरंटी किती उरली ते ताडून पाहा, मॉनिटरवर तीन वर्षांची वॉरंटी असणे सर्रास आढळते. मूळ खोके आणि थर्मोकोल असल्याशिवाय लोकलने आणू नका, आणि आणलाच तर दुपारी, लगेजच्या डब्यातून, उभा धरून.

प्रश्न: १६५ हर्ट्झचा मॉनिटर घेतला, पण जुन्या मॉनिटरपेक्षा काडीचाही फरक जाणवत नाही. फसवणूक झाली का?
(एक वाचक, विलेपार्ले)

उत्तर: बहुधा नाही. नवा मॉनिटर जोडल्यावर विंडोज पुष्कळदा त्याला ६० हर्ट्झवरच ठेवते. वर सांगितलेल्या ‘ॲडव्हान्स्ड डिस्प्ले’मध्ये जाऊन १६५ निवडा. तो आकडा यादीतच नसेल, तर केबल पाहा: सेट टॉप बॉक्सची जुनी एचडीएमआय केबल काढून मॉनिटरसोबत आलेली, शक्यतो डिस्प्लेपोर्टची, लावा. केबलचे दुसरे टोक ग्राफिक्स कार्डाला लागले आहे, मदरबोर्डला नव्हे, हेही पाहा. ही चूक चांगल्या जाणकारांकडूनही होते. एवढे करूनही गेममध्ये फरक नसेल, तर गेमच्या सेटिंग्जमध्ये फ्रेमची मर्यादा आणि व्ही-सिंक (फ्रेमचा वेग पडद्याच्या वेगाला बांधणारी सेटिंग) तपासा. काही गेम ६० फ्रेमच्या पुढे जातच नाहीत, एल्डन रिंग त्यांपैकी एक, आणि त्यांच्या बाबतीत मॉनिटरला दोष देता येणार नाही.