किलिमांजारोला दुसऱ्यांदा जाताना काय बदलू?

प्रश्न: मागच्या वर्षी मारंगू रूटने पाच दिवसांत किलिमांजारो करायला गेलो पण किबो हटला (४७०० मीटर) डोकं ठणकायला लागलं, उलट्या झाल्या, गाईडने खाली आणलं. परत जायचंय. काय बदलू?

उत्तर: खाली आलात ते एकदम बरोबर, उलट्या होत असताना चढणं जिवावर बेततं. तुमचा दम नाही हो कमी पडला, दिवस कमी पडले. यावेळी लेमोशो रूटने आठ दिवस घ्या, त्यात लाव्हा टॉवर या खडकापाशी ४६०० मीटरपर्यंत चढून झोपायला बरांको कॅम्पला ३९०० च्या आसपास उतरतात, त्याने शरीराला विरळ हवेची सवय होते. गाईड 'पोले पोले' (स्वाहिलीत 'हळूहळू') म्हणाला की खरंच हळू चाला. डायमॉक्स (उंचीचा त्रास टाळायची गोळी) डॉक्टरांना विचारूनच. आणि शिखरावर चढायच्या रात्री पाण्याची बाटली उलटी ठेवा, पाणी वरून गोठतं, तोंड मोकळं राहतं.