गाजर कच्चं, सूप फाटलेलं

प्रश्न : स्लो कुकरमध्ये (मंद आचेवर तासन्‌तास शिजवणारं विजेचं भांडं) भाज्यांचं क्रीमी सूप केलं. ६ तासांनी गाजर कचकचीत, दूध फाटलेलं. काय चुकलं?

उत्तर : बहुधा टोमॅटो आणि दूध सुरुवातीलाच घातलंत. आंबटपणात गाजर-बटाटा लवकर मऊ होत नाही. दूध तर तासन्‌तास तापून फाटणारच. अर्धा किलो लाल भोपळा, २ गाजरं, १ बटाटा घ्या. फोडी दोन सेंटिमीटरच्या, गाजर-बटाटा तळाशी. वर परतलेला कांदा. पाणी ३ कपच, कारण स्लो कुकरमध्ये सूप फारसं आटत नाही. ‘हाय’वर (जास्त आच) ४ तास, झाकण सारखं उघडलंत तर वेळ वाढतो. फोडी बोटाने चुरल्या की घोटा. मग अर्धा कप फ्रेश क्रीम कोमट करून मिसळा, ‘लो’वर १५ मिनिटं. टोमॅटो? या सूपात नकोच.