वाचकांचे प्रश्न : नऊ महिन्यांची लस, तापाचे थेंब आणि बाटलीवरचा चौकोन

प्रश्न : बाळाला नऊ महिने पूर्ण झाले. गोवराच्या लसीत पारा असतो, त्याने मूल स्वमग्न होतं, असं सोसायटीच्या ग्रुपवर फिरतंय. घरचे म्हणतात, मूल नीट बोलू लागलं की दोन वर्षांनी देऊ. थांबलं तर चालेल का? – एक आई, सिंहगड रोड

उत्तर : थांबू नका. आधी पाऱ्याचं बघू. एमआर म्हणजे गोवर-रुबेलाच्या लसीत दुबळा केलेला, पण जिवंत विषाणू असतो. पाऱ्याचं संयुग घातलं तर तो विषाणूच मरेल, म्हणून या लसीत ते नसतं. थायोमर्सल हे पाऱ्याचं संयुग असतं पेंटाच्या, म्हणजे पाच आजारांवरच्या एकत्र लसीच्या, दहा डोसांच्या बाटलीत, कारण तिच्यात पुन्हा पुन्हा सुई जाते आणि आत जंतू वाढू द्यायचे नसतात. त्यातला इथिल पारा शरीर लवकर बाहेर टाकतं. माशांतून येणारा आणि अंगात साठणारा मिथिल पारा वेगळा. डेन्मार्कने १९९२ मध्ये लसींतून थायोमर्सल काढलं, तरी तिथे स्वमग्नतेच्या नोंदी वाढतच गेल्या.

स्वमग्नतेची भीती सुरू झाली १९९८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या, गोवराच्या लसीशी तिचा संबंध जोडणाऱ्या अँड्र्यू वेकफिल्ड यांच्या लेखापासून. अभ्यासात मुलं होती फक्त १२. लेख २०१० मध्ये मागे घेतला गेला आणि त्याच वर्षी ब्रिटनमध्ये वेकफिल्ड यांचं नाव डॉक्टरांच्या नोंदवहीतून काढलं गेलं. याउलट डेन्मार्कमध्ये ६,५७,४६१ मुलांची नोंद तपासली गेली (निष्कर्ष २०१९ चे). लस घेतलेल्यांत स्वमग्नता जास्त आढळली नाही, भावंड स्वमग्न असलेल्या मुलांतही नाही.

मग आईवडिलांना संबंध का दिसतो? हाक मारल्यावर न वळणं, शब्द न येणं ही लक्षणं एक ते दोन वर्षांच्या दरम्यान ठळक होतात, आणि एमआरचा दुसरा डोस नेमका १६ ते २४ महिन्यांत असतो. अशी लक्षणं दिसली तर वाट न पाहता बालविकासतज्ज्ञांना दाखवा. तो प्रश्न लसीपासून वेगळा ठेवा.

या लसीचे खरे त्रासही सांगायला हवेत. सातव्या ते बाराव्या दिवशी ताप आणि पुसट पुरळ येऊ शकतं. साधारण तीन-चार हजार डोसांमागे एखाद्या बाळाला तापात झटका येतो. पाहणाऱ्याचा जीव घाबरा होतो, पण त्याने मेंदूला कायमची इजा होत नाही. प्रत्यक्ष गोवरात हजारातल्या एका मुलाच्या मेंदूला सूज येते. आईकडून मिळालेलं संरक्षण नऊ महिन्यांपर्यंत ओसरत आलेलं असतं, आणि गोवराचा एक रुग्ण असुरक्षित गर्दीत १२ ते १८ जणांना आजार देतो. २०२२ मध्ये मुंबईत गोवराने मुलं दगावली. दोन वर्षं थांबणं म्हणजे नेमक्या धोक्याच्या वयात बाळाला उघडं ठेवणं.

प्रश्न : दीड महिन्याच्या नातवाला पेंटानंतर ताप आला, मांडीला गाठ आली. सूनबाई पुढचा डोस नको म्हणते. – आजोबा, हडपसर

उत्तर : पेंटातल्या डांग्या खोकल्याच्या भागात मारलेले अख्खे जंतू असतात, म्हणून ताप येतो. तो एक-दोन दिवसांत उतरतो. न दुखणारी बारीक गाठ काही आठवडे राहिली तरी चिंता नाही. ओल्या गार फडक्याची घडी ठेवा. चोळू नका, शेकू नका, हळद-चुना लावू नका.

आमच्या मते सर्वांत मोठी चूक होते ती पॅरासिटामॉल मोजताना. मात्रा वजनावर ठरते : एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांत सहा तास, दिवसात चारपेक्षा जास्त नाही. साडेचार किलोच्या बाळाला सुमारे ५० मिलिग्रॅम. १ मिलिलीटरमध्ये १०० मिलिग्रॅम असलेले थेंब असतील तर ते झाले अर्धा मिलिलीटर; ५ मिलिलीटरमध्ये १२५ मिलिग्रॅमचं सिरप असेल तर २ मिलिलीटर. सिरपचं माप थेंबांना लावलं की बाळाच्या पोटात चौपट औषध जातं. म्हणून बाटलीवरचा आकडा वाचून, डॉक्टरांकडून मात्रा लिहून घ्या. ताप येण्याआधीच औषध देऊन ठेवू नका.

तीन तासांहून अधिक न थांबणारं रडणं, अंग ढिलं व फिकट पडणं, झटका, दोन दिवसांनंतरही ताप, गाठ लाल-गरम होणं, किंवा पाय पोटाशी घेऊन रडणं, उलट्या आणि शौचात रक्त : यातलं काहीही दिसलं तर लगेच रुग्णालयात जा आणि लसीनंतरची घटना म्हणून नोंद करायला सांगा. साधा ताप आणि गाठ हे पुढचा डोस टाळण्याचं कारण नाही. तो चार आठवड्यांनी घ्या.

प्रश्न : महापालिकेच्या दवाखान्यातली फुकट लस बरी की खासगीतली ‘पेनलेस’? – कोथरूडहून

उत्तर : फुकट म्हणजे हलकी नव्हे. सरकारी कार्यक्रमातल्या पेंटा आणि एमआर लसी आपल्या हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्येही बनतात. ‘पेनलेस’ म्हणतात ती सुईही टोचतेच. तिच्यात डांग्या खोकल्याच्या जंतूंचे फक्त काही भाग असतात, म्हणून ताप कमी येतो इतकंच, पण डांग्या खोकल्यापासूनचं संरक्षण लवकर ओसरतं. त्यामुळे पहिल्या तीन डोसांसाठी आम्ही अख्ख्या जंतूंचीच लस सुचवतो.

डोळ्यांत तेल घालून पाहायचं ते दुसरंच. बाटलीवर एका वर्तुळात चौकोन असतो. तो भोवतालच्या वर्तुळापेक्षा फिका हवा. तितकाच गडद झाला तर लसीने उष्णता खाल्ली, घेऊ नका. एमआरच्या बाटलीवर तो झाकणावर असतो, म्हणून फोडण्याआधीच दाखवायला सांगा. ही लस द्रावणात मिसळल्यावर चार तासांत संपवावी लागते. तिच्यात जंतुरोधक नसतं. उरलेल्यात जंतू वाढले तर बाळाचा जीव जाऊ शकतो. बाटली फोडल्याची वेळ लिहिलेली नसेल तर सिस्टरना विचारा. पेंटाचं उलट : तिला गारठून गोठणं सोसत नाही, मात्र उघडलेली बाटली नीट ठेवली तर २८ दिवस चालते. सिरिंज तुमच्यासमोर फोडलेली हवी. आणि अर्धा तास तिथेच बसा, कारण लाखांत एखाद्यालाही न येणारी तीव्र ॲलर्जी आली तरी ती बहुधा याच वेळात येते आणि उपचार तिथेच हाताशी असतो.

प्रश्न : गावी गेल्याने चौदा आठवड्यांचा डोस दोन महिने लांबला. पहिल्यापासून सुरू करावं लागेल? – धायरीहून

उत्तर : नाही. राहिला तिथूनच पुढे. कार्ड घेऊन जा, सर्दी असली तरी जा.