राष्ट्रगीताला उभा राहतो, पण गात नाही. मग?

प्रश्न: माझ्या लेकाच्या वर्गात एक मुलगा आहे, राष्ट्रगीत लागलं की ताठ उभा राहतो पण गात नाही, घरचे म्हणतात आमच्या धर्मात बसत नाही. परवाच्या पालक सभेत यावरून जाम राडा झाला, नाव काढून टाका, गुन्हा दाखल करा इथपर्यंत गेलं. मला पटत नव्हतं, पण बोलणार काय? कायदा नक्की काय म्हणतो?
– एक आई, सांगली

उत्तर: ताई, अगदी हेच केरळात होऊन गेलंय आणि सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन आलंय. १९८५ ची गोष्ट, कोट्टायम जिल्ह्यातली शाळा, तीन भावंडं, दहावी, नववी आणि पाचवीतली, यहोवाचे साक्षीदार या पंथाची, त्यांच्यात यहोवाच्या प्रार्थनेशिवाय दुसरं काही असं गायचं नाही म्हणतात. मुलं रोज उभी राहायची, गात नव्हती, आणि कोणाचं काही अडत नव्हतं. मग एका आमदारसाहेबांच्या डोळ्यात ते खुपलं, विधानसभेत प्रश्न आला, चौकशी बसली, आणि चौकशीत निघालं काय तर मुलं शिस्तीतली आहेत, अपमान वगैरे काही केलेला नाही! तरी शिक्षण खात्याच्या अधिकाऱ्याने सांगितलं म्हणून मुख्याध्यापिकेने तिघांना घरी बसवलं.

हायकोर्टात मुलं हरली. तिथे राष्ट्रगीताचा शब्द न् शब्द तपासून ह्यात धर्माला खुपण्यासारखं काही नाही असं सांगितलं गेलं. सुप्रीम कोर्टाने ११ ऑगस्ट १९८६ ला हे उलटवलं, बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य म्हणून ही केस प्रसिद्ध आहे. न्या. चिन्नप्पा रेड्डींचं म्हणणं असं की ती श्रद्धा आपल्या बुद्धीला पटते का हा प्रश्नच नाही, ती खरोखरची आहे का एवढंच बघायचं. मला ह्या निकालातलं हे सगळ्यात आवडतं, कारण आपण सगळे नेमके इथेच घसरतो, दुसऱ्याची श्रद्धा आपल्या मापाने मोजायला बसतो. दुसरं म्हणजे सगळ्यांनी राष्ट्रगीत गावं असं सांगणारं खात्याचं परिपत्रक हा कायदा नव्हे, कलम १९ मधलं बोलण्याचं स्वातंत्र्य (त्यात गप्प राहणंही आलं) आणि कलम २५ मधलं धर्माचं स्वातंत्र्य असल्या कागदाने काढून घेता येत नाही. मुलांना परत शाळेत घ्यायला लावलं.

आता गुन्ह्याचं. राष्ट्रीय प्रतीकांच्या अपमानाविरुद्धच्या १९७१ च्या कायद्यात शिक्षा आहे ती मुद्दाम राष्ट्रगीत अडवणाऱ्याला किंवा ते चालू असताना गोंधळ घालणाऱ्याला. गप्प उभं राहणाऱ्याला नाही. सभेत कोणीतरी थिएटरवाली ऑर्डर काढेलच, तर ती २०१६ ची, सिनेमाआधी राष्ट्रगीत वाजवायची सक्ती करणारी सुप्रीम कोर्टाची, आणि जानेवारी २०१८ मध्ये कोर्टानेच सिनेमाआधी राष्ट्रगीत वाजवणं ऐच्छिक करून टाकलं.

अमेरिकेतही ह्याच पंथाच्या मुलांवरून हे झालंय. १९४० मध्ये तिथलं सुप्रीम कोर्ट म्हणालं झेंड्याला सलाम केलाच पाहिजे, आणि १९४३ मध्ये, भर महायुद्धात, त्याच कोर्टाने पलटी मारून ही सक्ती चालणार नाही असं सांगितलं. युद्ध चालू असताना हे जमलं त्यांना, आणि आपली पालक सभा शाळकरी पोरावर तुटून पडते.

प्रश्न: आमचं घर नास्तिक. मुलीच्या अनुदानित शाळेत प्रार्थनेला हात जोडलेच पाहिजेत म्हणतात. नाही म्हणता येतं?
– एक वडील, नाशिक

उत्तर: येतं. कलम २८ सरळ आहे, पूर्ण सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण नाही म्हणजे नाही, आणि अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शाळेत धार्मिक उपासनेला कोणावर जबरदस्ती नाही, मूल अल्पवयीन असेल तर पालकांची संमती लागते. अर्थात शाळा म्हणणार की ही धार्मिक नाही, सर्वधर्म प्रार्थना आहे, वाद तिथेच सुरू होतो. पण तुमच्याच नाशिकमधले एक शिक्षक प्रार्थनेला हात जोडत नाहीत म्हणून त्यांची वरची वेतनश्रेणी अडवली होती, ते मुंबई हायकोर्टात गेले आणि २०१३ मध्ये जिंकले, हात जोडायची सक्ती करता येत नाही असं कोर्टाने स्पष्ट सांगितलं. म्हणजे सद्सद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य देव न मानणाऱ्यालाही आहे.

लगेच कोर्टाचं नाव काढू नका मात्र. मुख्याध्यापकांना साधा अर्ज द्या, आमची संमती नाही, मुलगी शांत उभी राहील, एवढंच लिहा आणि पोच घ्या. आणि हो, अर्ज द्यायच्या आधी मुलीला विचारा, तिला मैत्रिणींबरोबर हात जोडायचे असतील तर तुमचं नास्तिकपणही तिच्यावर लादू नका.