उंबऱ्यात पत्र वाचणारे कुटुंब दाखवणारे सोव्हिएत चित्र कोणते?
उन्हाने उजळलेल्या दारात मुलगा मोठ्याने पत्र वाचतो आहे आणि घरची माणसे ऐकत आहेत, या आपल्या वर्णनावरून ते अलेक्सांद्र लाक्तियोनोव यांचे १९४७ सालचे ‘आघाडीवरून (म्हणजे रणांगणावरून) आलेले पत्र’ हे चित्र होय. ते मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह गॅलरीत असून त्यास १९४८ मध्ये स्तालिन पारितोषिक हा सोव्हिएत सरकारचा मोठा पुरस्कार मिळाला. शेजारी हाताला पट्टी बांधलेला सैनिक उभा असला, तरी पत्र लिहिणारा माणूस चित्रात कुठेच नाही, आणि माझ्या मते चित्राची खरी ताकद त्यातच आहे. पायाखालच्या झिजलेल्या, तुटक्या फळ्या अवश्य पाहाव्यात. दुसऱ्या महायुद्धातील विजय साजरा करणाऱ्या त्या काळच्या चित्रांत इतकी उघड गरिबी सहसा दिसत नाही.